आयपॅड मिनी की गॅलॅक्सी टॅब ए९? लहान टॅबलेट पारखून घेण्याची रीत

आठ-साडेआठ इंचांचा टॅबलेट एका हातात धरून वाचता यावा, प्रवासात पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावावा आणि मोबाइलपेक्षा डोळ्यांना कमी ताण द्यावा, एवढ्याच अपेक्षेने बहुतेक लोक तो घ्यायला निघतात. दुकानात गेल्यावर मात्र त्यांच्यासमोर अशा दोन वस्तू ठेवल्या जातात, ज्या आकाराने सारख्या आणि किमतीने एकमेकींपासून फार लांब असतात. ॲपलचा आयपॅड मिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ए१७ प्रो प्रोसेसरसह आला, तेव्हा १२८ जीबीच्या वाय-फाय मॉडेलची भारतातील किंमत ४९,९०० रुपये होती. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तेव्हा ४ जीबी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती स्मृती) आणि ६४ जीबी स्टोरेजच्या वाय-फाय मॉडेलची किंमत १२,९९९ रुपये होती. म्हणजे पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या पावणेचार पटींहूनही थोडी अधिक आहे. दुकानांतील आजचे भाव यापेक्षा वेगळे असतील, पण दोन्ही टॅबलेटांतील अंतर मोठेच राहते, आणि पहिल्यांदाच टॅबलेट घेणाऱ्याचा गोंधळ नेमका याच अंतरामुळे होतो.

हा गोंधळ सोडवण्याची एक रीत मी गेली काही वर्षे वापरतो आणि जो विचारील त्याला सांगतो. वैशिष्ट्यांची यादी हातात घेऊन दोन टॅबलेटांची तुलना करू नये. तुम्ही रोज जे पान वाचणार आहात, जो व्हिडिओ पाहणार आहात किंवा जे काम करणार आहात, ते दोन्ही टॅबलेटांवर उघडून तुलना करावी. खाली हीच रीत पायरीपायरीने मांडली आहे. उदाहरणासाठी हे दोन टॅबलेट घेतले असले, तरी इतर कोणत्याही जोडीला ती तशीच लावता येते.

पहिली पायरी: घरातून निघण्यापूर्वी आपले पान निवडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. टॅबलेटवर तुम्ही काय करणार, हे एका कागदावर लिहा आणि त्यातील ज्या कामात सर्वाधिक वेळ जाणार आहे त्याचा एक नमुना मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये घ्या. मुलांचा अभ्यास हे कारण असेल, तर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ घ्या. ती अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. जुनी मराठी पुस्तके वाचायची असतील, तर स्कॅन केलेल्या एखाद्या पुस्तकाची प्रत घ्या, आणि तळटिपा असलेले पान त्यात मुद्दाम शोधून ठेवा. कार्यालयीन परिपत्रके वाचायची असतील, तर एखादा शासन निर्णय घ्या.

स्कॅन केलेल्या पानावर मी इतका भर का देतो, याला एक कारण घडले आहे. काही वर्षांपूर्वी आईसाठी मी आठ इंचांचा एक स्वस्त टॅबलेट घेतला होता. व्हिडिओ कॉल त्यावर उत्तम चालत, आणि दुकानात मी तेवढेच तपासले होते. आईला मात्र जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक वाचायचे होते. पान उघडायचे, दोन बोटांनी मोठे करायचे, ओळ वाचत उजवीकडे सरकवायचे, ओळ संपली की पुन्हा डावीकडे येऊन पुढच्या ओळीचा आरंभ शोधायचा, असे ती चार-पाच पाने करी आणि टॅबलेट उशाशी ठेवून देई. तो बिघडलेला नव्हता. पण ज्या कामासाठी घेतला त्या कामाला तो पुरा पडत नव्हता. तिचे एक पान मी दुकानात नेले असते, तर पाच मिनिटांत हे कळले असते.

दुसरी पायरी: इंच सोडा, बिंदू मोजा

दुकानात पहिला प्रश्न इंचांचा येतो. आयपॅड मिनीची स्क्रीन ८.३ इंचांची आणि टॅब ए९ ची ८.७ इंचांची आहे, तेव्हा दुसरी मोठी, असे सहज वाटते. हे इंच कर्णाचे असतात आणि दोन्ही स्क्रीनचे आकार वेगळे आहेत. आयपॅड मिनीची स्क्रीन रुंदीला अधिक, म्हणजे पुस्तकाच्या पानाच्या जवळ जाणारी आहे, तर टॅब ए९ ची निमुळती आणि लांब आहे. उभा धरल्यावर आयपॅड मिनीच्या स्क्रीनची रुंदी सुमारे ११.६ सेंटिमीटर भरते आणि टॅब ए९ ची सुमारे ११.३. पान वाचताना ही रुंदी कामाला येते, त्यामुळे कर्णाने लहान असलेला टॅबलेट वाचनाला किंचित मोठा ठरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे बिंदूंची. स्क्रीनवरील प्रत्येक अक्षर पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांनी बनते, आणि एका इंचात जितके ठिपके अधिक तितके अक्षर रेखीव दिसते. आयपॅड मिनीच्या स्क्रीनवर २२६६ गुणिले १४८८ ठिपके आहेत, म्हणजे दर इंचाला ३२६. टॅब ए९ वर १३४० गुणिले ८०० ठिपके आहेत, म्हणजे दर इंचाला सुमारे १७९. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून ते एका पानावर लावून पाहू.

शासन निर्णय किंवा प्रकल्प अहवाल ए-४ आकाराच्या कागदावर असतो आणि त्या कागदाची रुंदी सव्वाआठ इंच असते. ते पूर्ण पान आयपॅड मिनीवर उभे बसवले, की मूळ कागदाच्या दर इंचाला सुमारे १८० ठिपके येतात. टॅब ए९ वर सुमारे ९७ येतात. बारा पॉइंटांचा टाइप इंचाचा सहावा भाग उंच असतो. म्हणजे एका ओळीतील अक्षराला, त्याच्या वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत सर्व काही बसवायला, आयपॅड मिनी ३० ठिपक्यांची उंची देतो आणि टॅब ए९ फक्त १६ ठिपक्यांची. तळटीप आठ पॉइंटांची असेल, तर हीच संख्या २० आणि ११ होते.

रोमन लिपीतील अक्षर ११ ठिपक्यांत कसेबसे निभावून जाते. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मध्ये जोडाक्षर, अशी तीन मजल्यांची ही लिपी आहे. त्यामुळे दुकानात तळटिपांचे पान उघडल्यावर काही ठरावीक जागा पाहाव्यात. ‘ध’ ला ‘घ’ पासून वेगळे करणारी शिरोरेषेतील लहानशी फट दिसते का? ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखू येतात का? ‘अर्थ’ या शब्दावरील रफार स्वच्छ दिसतो, की तो शिरोरेषेच्या जाडीत मिसळून ‘अथ’ वाचले जाते? ‘शंका’ मधील अनुस्वार गोल ठिपका दिसतो, की नुसता करडा डाग? ही परीक्षा मी अनेक दुकानांत घेतली आहे. टॅब ए९ च्या वर्गातील स्क्रीनवर पूर्ण ए-४ पानाचा मुख्य मजकूर संदर्भाच्या आधाराने वाचता येतो, परंतु तळटीप आणि कोष्टकातील मजकूर मोठा केल्याशिवाय वाचवत नाही. आयपॅड मिनीवर तळटीप बारीक दिसते, पण अक्षर फुटत नाही.

पुस्तकाचा आकार लहान असेल, तर चित्र बरेच बदलते. मराठीतील बहुतांश कथा-कादंबऱ्या डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच गुणिले साडेआठ इंचांच्या पानावर छापल्या जातात. असे पान या दोन्ही टॅबलेटांवर मूळ आकाराच्या सुमारे ८० टक्के दिसते आणि त्याच बारा पॉइंटांच्या अक्षराला अनुक्रमे सुमारे ४४ आणि २४ ठिपके मिळतात. चोवीस ठिपक्यांत देवनागरी नीट वाचता येते. वाचनाच्या ॲपमध्ये समास कापण्याची सोय असेल, तर त्याहूनही बरे दिसते. म्हणून जो केवळ कादंबऱ्या वाचणार आहे त्याला स्वस्त टॅबलेट पुरणार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या ई-पुस्तकांत अक्षराचा आकार हवा तसा वाढवता येतो, त्यांच्यासाठी तर हा सारा हिशेब निम्म्याने सौम्य होतो. अडचण येते ती मोठ्या पानांची, दोन रकान्यांची आणि तळटिपांची. बालभारतीची मोठ्या पानांची पुस्तकेही याच गटात मोडतात.

येथे एक गोष्ट खेदाने नोंदवावीशी वाटते. २०१३ मध्ये आलेल्या नेक्सस ७ या सात इंचांच्या टॅबलेटवर १९२० गुणिले १२०० ठिपके होते, म्हणजे दर इंचाला ३२३, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२९ डॉलर होती. दहा वर्षांनंतरच्या स्वस्त लहान टॅबलेटांनी त्याच्या जवळपास निम्म्या घनतेवर समाधान मानले आहे. २०२५ मध्ये आलेल्या गॅलॅक्सी टॅब ए११ ने स्क्रीन ताजी करण्याचा वेग (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटते तो) वाढवला, पण ठिपके १३४० गुणिले ८०० एवढेच ठेवले. बारीक अक्षर वाचणाऱ्या ग्राहकाचा विचार या किमतीत कोणी करताना दिसत नाही, म्हणून त्याने स्वतःच डोळे उघडे ठेवून खरेदी करायला हवी.

तिसरी पायरी: दाराजवळ जाऊन पाहा

दुकानातील दिव्यांखाली कोणतीही स्क्रीन चांगलीच दिसते. विक्रेत्याची परवानगी घेऊन दोन्ही टॅबलेट दाराजवळ, उजेडात न्या आणि तेच पान पुन्हा पाहा. आयपॅड मिनीची स्क्रीन ५०० निट (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) प्रकाशमान होते, तिची काच आणि खालचा पडदा एकमेकांना चिकटवलेले आहेत आणि काचेवर प्रतिबिंब कमी करणारा लेप आहे. चिकटवलेली स्क्रीन कशी ओळखायची, हे सोपे आहे. टॅबलेट तिरपा धरून पाहिला असता अक्षरे काचेच्या पृष्ठभागावरच छापल्यासारखी वाटतात. स्क्रीन चिकटवलेली नसेल, तर ती काचेच्या तळाशी, किंचित खोल दिसतात. मग पान वरखाली सरकवत वाचण्याचा प्रयत्न करा. दोन्ही टॅबलेटांचा स्क्रीन ताजी करण्याचा वेग ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, आहे, त्यामुळे या बाबतीत महागाला विशेष वरचढ म्हणता येणार नाही, आणि ४९,९०० रुपयांच्या वस्तूकडून ग्राहकाने याहून अधिकाची अपेक्षा केली तर ती गैर नाही.

वजनही येथेच पाहून घ्या. आयपॅड मिनी २९३ ग्रॅमचा आणि टॅब ए९ ३३२ ग्रॅमचा आहे. फरक ३९ ग्रॅमचा आहे आणि कव्हर घातल्यावर तो कमी-जास्त होतो. पण झोपून वाचण्याची सवय असेल, तर एका हातात उभा धरून पाच मिनिटे उभे राहा. विक्रेता काय म्हणेल, याचा संकोच करू नका.

चौथी पायरी: जिथे स्वस्त टॅबलेट पुढे आहे, त्या बाजू प्रामाणिकपणे पाहा

आतापर्यंतच्या मजकुरावरून माझा कल आयपॅड मिनीकडे आहे असे वाटेल, म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. व्हिडिओ आडवा पाहताना टॅब ए९ वरील चित्र सुमारे १९ सेंटिमीटर रुंद येते आणि आयपॅड मिनीवर सुमारे १७.७ सेंटिमीटर, क्षेत्रफळात धरले तर स्वस्त टॅबलेटवरील चित्र साधारण १५ टक्के मोठे दिसते. मालिका, चित्रपट, कीर्तन, क्रिकेट किंवा शाळेचे ऑनलाइन वर्ग एवढ्यासाठीच टॅबलेट हवा असेल, तर तिप्पट-चौपट पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. स्क्रीनच ठिपक्यांच्या ८०० ओळींची असल्यामुळे चित्रपटांच्या सेवेची महागडी, अधिक रेखीव चित्राची वर्गणी केवळ या टॅबलेटसाठी घेण्यात मात्र अर्थ नाही.

टॅब ए९ ला हेडफोनची ३.५ मिलिमीटरची जागा आहे, आयपॅड मिनीला ती नाही; घरात तारेचे हेडफोन असतील तर ते यूएसबी-सीच्या जोडतुकड्याशिवाय चालणार नाहीत. टॅब ए९ मध्ये १ टीबीपर्यंतचे मायक्रोएसडी कार्ड बसते, आयपॅड मिनीत कोणतेही कार्ड बसत नाही, त्यामुळे १२८ जीबी भरले की भरले. गावी इंटरनेट अधूनमधूनच मिळत असेल आणि व्हिडिओ कार्डात भरून न्यायचे असतील, तर ही एकच सोय निर्णायक ठरू शकते.

मात्र ४ जीबी रॅमची मर्यादा समजून घ्या. एका वेळी एकच काम करणाऱ्याला टॅब ए९ चा हेलिओ जी९९ प्रोसेसर पुरेसा आहे. ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी ठेवून, मध्येच व्हिडिओ कॉल घेऊन परत त्याच पानावर येणाऱ्याला मात्र ते पान पुन्हा पहिल्यापासून उघडताना दिसेल. दुकानात हे तपासता येते: पाच ॲप्स एकामागून एक उघडा, मग पहिल्यावर परत या आणि ते जिथे सोडले होते तिथेच आहे का, ते पाहा.

पाचवी पायरी: लेखणीचा प्रश्न आधीच निकालात काढा

हाताने टिपणे काढायची असतील, पीडीएफवर खुणा करायच्या असतील किंवा चित्रे काढायची असतील, तर टॅब ए९ हा पर्यायच नाही, कारण तो सॅमसंगची एस पेन ही लेखणी ओळखत नाही. बाजारात मिळणाऱ्या रबरी टोकाच्या लेखण्या बोटासारखेच काम करतात. त्यांनी लिहिताना तळहात स्क्रीनवर टेकला की रेघोट्या उमटतात. ॲपलच्या पेन्सिलींपैकी आयपॅड मिनी ॲपल पेन्सिल प्रो आणि यूएसबी-सीची ॲपल पेन्सिल, या दोनच स्वीकारतो. भारतातील त्यांच्या किमती अनुक्रमे ११,९०० आणि ७,९०० रुपये जाहीर झाल्या होत्या, म्हणजे खरा खर्च ४९,९०० वर थांबत नाही, तो ५७,८०० किंवा ६१,८०० रुपयांवर जातो. स्वस्त पेन्सिलीला दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक करता येत नाही; टिपणांना त्याने अडत नाही, चित्रकाराला अडते. जुन्या आयपॅडची दुसऱ्या पिढीची पेन्सिल घरात असेल आणि ती चालेल असे गृहीत धरले असेल, तर थांबा. या मिनीवर ती चालत नाही.

सहावी पायरी: वर्षांचा हिशेब मांडा

टॅबलेट तुटून निकामी होतो, त्यापेक्षा अपडेट थांबल्याने निकामी होण्याचे प्रमाण माझ्या पाहण्यात अधिक आहे. सुरक्षा अपडेट बंद झाले, की काही काळाने बँकेचे ॲप चालायचे थांबते, मग इतर ॲप्स नव्या आवृत्त्या देईनाशी होतात, आणि धडधाकट वस्तू कपाटात जाते. आईचा टॅबलेटही दोन वर्षांच्या आतच असा मागे पडला.

आयपॅड मिनीचा पूर्वेतिहास येथे उपयोगी आहे. २०१९ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या आयपॅड मिनीला आयपॅडओएस या आयपॅडच्या कार्यप्रणालीची २०२५ ची २६ ही आवृत्ती मिळाली, आणि २०१५ च्या आयपॅड मिनी ४ ला २०२१ च्या आयपॅडओएस १५ पर्यंतच्या आवृत्त्या मिळाल्या होत्या. म्हणजे सहा वर्षांचा भरवसा धरायला हरकत नाही. टॅब ए९ अँड्रॉइड १३ घेऊन आला, आणि त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अँड्रॉइड १४ प्रसिद्ध झाले होते. म्हणजे त्याचा प्रवासच एक पायरी मागून सुरू झाला. शिवाय तो आज घेणाऱ्याची वर्षे आजपासून मोजली जात नाहीत, ती मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दुकानातील नमुन्याच्या सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती सहा महिन्यांहून जुनी असेल, तर नमुना इंटरनेटला जोडून नवे अपडेट येते का, ते पाहा. आणि या मॉडेलला किती वर्षे अपडेट मिळणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेले वाचा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

आता भागाकार करा. ४९,९०० रुपयांना सहा वर्षांनी भागले, तर वर्षाला सुमारे ८,३०० रुपये पडतात. १२,९९९ रुपयांना तीन वर्षांनी भागले, तर वर्षाला सुमारे ४,३०० रुपये पडतात. ‘महाग वस्तू शेवटी स्वस्त पडते’ असे विक्रेते सांगतात, पण निम्मे आयुष्य धरूनही स्वस्त टॅबलेटच दरवर्षी जवळपास निम्म्या खर्चाचा ठरतो. तेव्हा आयपॅड मिनी घ्यायचा, तर तो दीर्घकाळात पैसे वाचवील म्हणून नव्हे; त्याची स्क्रीन, त्याची पेन्सिल आणि त्याचा वेग तुमच्या रोजच्या कामाला वर्षाला चार हजार रुपये जास्तीचे देण्याइतके उपयोगी आहेत, असे दुसऱ्या आणि पाचव्या पायरीत तुम्हाला दिसले असेल, तर घ्यावा. जो रोज दोन तास स्कॅन केलेले संदर्भ वाचतो, त्या विद्यार्थ्याला किंवा वकिलाला हे चार हजार महाग नाहीत. जो आठवड्यातून दोनदा चित्रपट पाहतो, त्याला ते महाग आहेत.

हप्त्यांवर घेणार असाल, तर हा भागाकार हप्त्यांच्या रकमेवर करू नका, एकूण रकमेवर करा. ‘महिन्याला फक्त इतके’ या शब्दांत चौपट किमतीचा फरक दिसेनासा होतो.

सिमकार्डाचे मॉडेल घ्यावे का, याचे उत्तर बहुतेकांसाठी ‘नको’ असे आहे, कारण मोबाइलचे इंटरनेट हॉटस्पॉटने टॅबलेटला देता येते. टॅब ए९ मध्ये त्या सोयीसाठी ३,००० रुपये जास्त पडत होते, आयपॅड मिनीत १५,००० रुपये, आणि आयपॅड मिनीत प्लास्टिकचे सिमकार्ड बसतच नाही, फक्त ई-सिम (उपकरणातच असलेले, कार्डाविना चालणारे सिम) चालते. ज्यांना गाडीत नकाशा दाखवण्यासाठी टॅबलेट हवा आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते.

सातवी पायरी: मधला मार्ग तपासा

दोन्हींपैकी एकही मनाला पटत नसेल, तर २०२१ चा सहाव्या पिढीचा आयपॅड मिनी वापरलेला मिळतो का, हे पाहता येते. त्याची स्क्रीनही ८.३ इंचांची आणि दर इंचाला ३२६ ठिपक्यांचीच आहे. मात्र तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. तो उभा धरून लांब मजकूर वेगाने वरखाली सरकवला असता स्क्रीनचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या किंचित मागे राहिल्यासारखा दिसतो. काहींना ते जाणवतही नाही, काहींना डोळ्यांना त्रास होतो, म्हणून स्वतः सरकवून पाहा. दुसरी गोष्ट बॅटरीची. ए१७ प्रोच्या मिनीमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता सेटिंग्जमध्ये दिसते आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोयही आहे. सहाव्या पिढीत ही माहिती दिसत नाही, त्यामुळे अर्धा तास व्हिडिओ चालवून टक्के किती उतरतात, हे मोजण्यावाचून इलाज नाही. विक्रेत्याच्या ॲपल खात्यातून तो टॅबलेट पूर्णपणे बाहेर काढलेला आहे, याची खात्री समोरासमोर करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. खाते तसेच राहिले, तर टॅबलेट तुमच्या हातात असूनही तुमचा होत नाही.

आठवी पायरी: खोका, पावती आणि पहिले काही दिवस

खोका उघडण्यापूर्वी त्यावरील मजकूर वाचा. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष तेथे छापलेले असते. दोन वर्षे गोदामात पडून राहिलेल्या टॅबलेटची बॅटरी नव्यासारखी राहत नाही आणि अपडेटची वर्षेही खर्च झालेली असतात, म्हणून जुना साठा असेल तर किमतीत तसा फरक मागा. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबलेटला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा टॅबलेटवर रोमन ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. अनोळखी नावाचा, चार-पाच हजारांचा टॅबलेट कोणी पुढे केला, तर आधी हा क्रमांक पाहा. सिमचे मॉडेल असेल, तर आयएमईआय हा उपकरणाचा ओळख क्रमांक रोमन लिपीतील ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर एसएमएस केल्यास तो क्रमांक कोणत्या मॉडेलचा आहे, हे कळते. चार्जर खोक्यात आहे की वेगळा घ्यावा लागेल, हेही आताच विचारा.

पावतीवर मॉडेलचे पूर्ण नाव, स्टोरेज, अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या, कारण वॉरंटीचे एक वर्ष त्या तारखेपासून धरले जाते. बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे, हेही लेखी घ्या. ती विक्रेत्यागणिक बदलते आणि अनेकदा जेमतेम आठवडाभराची असते. घरी आल्यावर त्या मुदतीतच पुढील तपासण्या उरकाव्यात. पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र उघडून मेलेला ठिपका किंवा कडेने झिरपणारा उजेड दिसतो का, हे अंधाऱ्या खोलीत पाहावे. मराठी कीबोर्ड सुरू करून एक मोठा परिच्छेद लिहून पाहावा, म्हणजे स्क्रीनचा एखादा कोपरा स्पर्श ओळखत नसेल तर लक्षात येईल. वाय-फायपासून दोन खोल्या दूर जाऊन व्हिडिओ चालवावा, दोन्ही स्पीकर वाजतात का ते कान लावून ऐकावे, आणि एकदा पूर्ण चार्ज करून तो किती तास टिकतो ते लिहून ठेवावे. दोष आढळला तर त्याच दिवशी छायाचित्रासह लेखी तक्रार करावी. विक्रेता टोलवाटोलवी करू लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक हाताशी ठेवावा.

आणि घरातून निघताना निवडलेले ते पान याच मुदतीत एका बैठकीत, निदान तासभर, रात्रीच्या दिव्याखाली वाचून पाहावे. दुकानातील पाच मिनिटांत जो ताण जाणवला नव्हता तो तासाभरात जाणवतो, आणि तेव्हा टॅबलेट परत करण्याची मुदत अजून तुमच्या हातात असते.